अर्धी साक्ष

सहाव्या आठवड्यात तिने मंडळीसमोर उभं राहून साक्ष दिली. त्यानंतर तीन आठवड्यांनी प्रभूभोजनाच्या वेळी ती भाकर आणि प्याला न घेता मान खाली घालून बसून राहिली. मधल्या दिवसांत जे घडलं त्यात तिची चूक थोडी होती, आमची जास्त. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे.

व्यसनातून बाहेर पडणाऱ्या स्त्रियांसाठी चालणाऱ्या ख्रिस्ती निवासी घरातलं हे काम आहे. कोणाचीही ओळख पटू नये म्हणून अनेकींच्या वाटचालीतले प्रसंग एकत्र गुंफून हे एक प्रकरण उभं केलं आहे. नाव मुद्दाम दिलेलं नाही. इथे ती फक्त ‘ती’ आहे.

वय अडतीस. एक मुलगा, नऊ वर्षांचा. दारू रोजची, आणि गेली काही वर्षं पहाटेपासूनची. पिणं चोरून, पाण्याच्या पेल्यातून. मुलाला ते कळलं होतं. आईच्या हातातला पेला तो येता-जाता हुंगून पाहायचा आणि काही न बोलता निघून जायचा. घरात हिंसा होती, नवऱ्याकडून. तोही पिणारा; पण त्याच्या पिण्याला घरात नाव होतं, सवलत होती. तिच्या पिण्याला फक्त लाज होती. स्त्रिया उपचाराला उशिरा येतात त्यात या लाजेचा वाटा मोठा असतो, आणि ‘कळलं तर मूल काढून घेतील’ या भीतीचाही. शरीर मात्र थांबत नाही. स्त्रीच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं, त्यामुळे तेवढीच दारू रक्तात जास्त चढते. पहिल्या घोटापासून व्यसन जडण्यापर्यंतचा आणि यकृत बिघडण्यापर्यंतचा काळही पुरुषांपेक्षा बहुधा कमी असतो. ती आली तेव्हा डोळ्यांत पिवळसर झाक होती.

बहिणीने तिला दारात आणून सोडलं. शेवटचा पेला घेऊन चौदा तास झाले होते. हात थरथरत होते, अंग घामाने भिजलेलं. ती म्हणाली, “ताई, मला आत घ्या. कालच्या प्रार्थनासभेत माझ्यावर हात ठेवलेत. मी सुटले आहे.”

तिला आत घेतलं नाही, थेट रुग्णालयात नेलं. आमच्या क्षेत्रात अजूनही काही घरं अशा बाईला रात्रभर प्रार्थनेत बसवून ठेवतात, म्हणून हे ठासून लिहिते. रोजची भरपूर दारू अचानक थांबली की पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान भ्रम, ताप, नाडी बेफाम होणं असं गंभीर रूप दिसू शकतं, आणि त्यात माणूस दगावू शकतो. जीवनसत्त्व ब१ची कमतरता असेल तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते, म्हणून ते सुरुवातीलाच द्यावं लागतं. हे टाळण्याचे उपाय डॉक्टरांच्या हातात आहेत. एलीया रानात झाडाखाली मरण मागत पडला होता तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. आधी झोपू दिलं, खायला दिलं, पुन्हा झोपू दिलं. देवाचं बोलणं त्याने ऐकलं ते पुढे, चाळीस दिवसांच्या वाटेनंतर, डोंगरावर. कोणाला घरात घ्यायचं आणि कोणाला आधी रुग्णालयात न्यायचं, हा आमचा नियम मी याच उताऱ्यावर उभा करते.

सहा दिवसांनी ती घरात आली. पहिले दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या रात्रीपासून झोप उडाली. भांड्याचा आवाज झाला तरी ती दचकायची, उजेड सहन व्हायचा नाही, भिंती जवळ येतात म्हणायची. प्रार्थनेला बसली की उठून बाहेर पळायची. आमच्यातल्या दोघी-तिघींनी याचा अर्थ लगेच लावला: सैतानाचा हल्ला आहे, उपास करून प्रार्थना केली पाहिजे. त्या मनापासून बोलत होत्या, त्यांच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. पण आमच्या परिचारिकेने वेगळा प्रश्न विचारला, “झोपेच्या गोळ्या घेत होतीस का?”

घेत होती. सहा वर्षं, रोज रात्री, आणि अलीकडे दिवसाही. आम्ही प्रवेशाच्या वेळी विचारलं होतं, “दारूशिवाय दुसरं कुठलं व्यसन?” तिने “नाही” म्हटलं होतं आणि ते तिच्या दृष्टीने खरं होतं. गोळ्या डॉक्टरांनी लिहून दिल्या होत्या, मग ते व्यसन कसं? रुग्णालयात दारूची माघार, म्हणजे ती थांबल्यावर शरीराला होणारा त्रास, सांभाळण्यासाठी जी औषधं देतात ती बहुधा याच जातीची असतात. ती चालू होती तोवर गोळ्यांची माघार झाकली गेली. ती बंद झाली आणि आमच्या छपराखाली सगळं उघडं पडलं. या गोळ्या एकदम तोडल्या तर त्यातही झटके येऊ शकतात. त्या पायरीपायरीने उतरवाव्या लागतात, आणि सहा वर्षांच्या सवयीला त्यात कित्येक महिने जातात.

इथे आमचा नियम आडवा आला. मनावर परिणाम करणारं कुठलंही औषध घरात नको, असं प्रवेशपत्रात छापलेलं होतं. दोन दिवस वाद झाला. एकजण म्हणाली, “एकीला गोळी दिली तर बाकीच्यांना काय सांगायचं?” प्रश्न खोटा नव्हता. शेवटी गोळ्या परिचारिकेच्या कुलपातल्या कपाटात ठेवायच्या, रात्री परिचारिकेने स्वतःसमोर एकच द्यायची आणि मात्रा डॉक्टरांच्या तक्त्याप्रमाणे उतरवायची, असं ठरलं. नियम मात्र कागदावर तसाच राहिला. म्हणजे आम्ही योग्य गोष्ट केली, पण लपवून केली. घराने लपवायला सुरुवात केली की घरातल्या बायकांना वेगळं शिकवावं लागत नाही.

अफूजन्य पदार्थांच्या व्यसनात तर हाच प्रश्न जीवनमरणाचा होतो. मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही या व्यसनाच्या उपचारात दिली जाणारी औषधं 2005 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. गरोदर बाईचं अफूजन्य व्यसन एकदम तोडू नये, तिला याच औषधांवर स्थिर ठेवावं, असा सल्ला दिला जातो. तरीही ‘औषध म्हणजे दुसरं व्यसन’ म्हणत अशा बायकांना दारातून परत पाठवणारी घरं आहेत. काही काळ पदार्थ थांबला की शरीराची सहनशक्ती उतरते; मग ती बाई बाहेर जाऊन जुन्या सवयीने जुनीच मात्रा घेते आणि श्वास थांबतो. धोरण लिहिणाऱ्याने हे डोळ्यांसमोर ठेवूनच पेन उचलावं.

आता साक्षीबद्दल.

पाचव्या आठवड्यापर्यंत ती खुलली होती. पहाटेच्या उपासनेत गाणी सांगायची, नव्या आलेल्या मुलीचे केस विंचरून द्यायची. घराच्या वार्षिक सभेत मंडळीचे लोक आणि देणगीदार येणार होते. पाळकांनी विचारलं, “तू साक्ष देशील का? देवाने तुझ्यासाठी केलं ते लोकांना कळू दे.” मार्काच्या पाचव्या अध्यायातला उतारा त्यांनी वाचून दाखवला: बारा वर्षं रक्तस्रावाने पीडलेली स्त्री, गर्दीत मागून येऊन येशूच्या वस्त्राला शिवली आणि बरी झाली, आणि येशूने तिला सर्वांसमोर बोलावलं. ती हो म्हणाली.

त्या ‘हो’कडे मी आज वेगळ्या नजरेने पाहते. जिचं अंथरूण, जेवण, औषध आणि मुलाला भेटण्याची शिफारस आमच्या हातात आहे, ती आम्हाला ‘नाही’ म्हणू शकते का? आम्ही जबरदस्ती केली नाही हे खरं आहे. पण जबरदस्तीची गरजच पडू नये अशी आमची जागा होती.

कागद मी तपासला. तिने लिहिलं होतं, “रात्रीची गोळी अजून चालू आहे, डॉक्टर म्हणतात वेळ लागेल.” मी सुचवलं, “एवढं वाक्य गाळू या, लोकांचा गोंधळ होईल.” तिने गाळलं. नवऱ्याच्या मारहाणीचा उल्लेखही गेला, कारण त्याच्या नात्यातलं कोणी सभेला येण्याची शक्यता होती. उरलं ते सुरेख होतं: अंधार, हाक, उजेड. शेवटचं वाक्य होतं, “प्रभूने मला पूर्ण मुक्त केलं आहे.” लोकांचे डोळे भरून आले. त्या वर्षी देणग्या चांगल्या आल्या. रात्री साडेनऊला तिने परिचारिकेकडून नेहमीची गोळी घेतली आणि झोपायला गेली.

दोन आठवड्यांनी तिला पहिली घरची रजा मिळाली, शनिवार-रविवार, बहिणीकडे. मुलगा तिथेच राहत होता. तो तिच्याजवळ आला नाही. रात्री ती स्वयंपाकघरात पाणी प्यायला उठली, तेव्हा तो मागोमाग आला, तिच्या हातातून पेला घेतला, हुंगला आणि परत दिला. ती पुढे म्हणाली, “ताई, त्यात पाणीच होतं. पण त्याच्या चेहऱ्यावर विश्वास नव्हता. मला वाटलं, पाणी पिऊनही मी तीच आहे, तर मग कशाला.” बहीण झोपल्यावर ती बाहेर पडली. त्या रात्री प्यायली. रविवारी संध्याकाळी तोंड धुऊन, वेळेवर, घरात हजर.

नंतरचे नऊ दिवस तिने एक थेंबही घेतला नाही. हे मला महत्त्वाचं वाटतं. घसरण एका रात्रीची होती. पुढचे नऊ दिवस ती जवळजवळ बुडाली ते एकटेपणात. पुन्हा व्यसनाकडे वळण्याच्या प्रक्रियेवर काम केलेले मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लट यांनी हे नेमकं मांडलं आहे. वर्ज्याचा नियम एकदा मोडला की माणूस त्या एका चुकीवरून स्वतःबद्दल संपूर्ण निकाल देतो: मी अशीच आहे, आता सगळं गेलं. एका पेल्याची पूर्ण घसरण होते ती या निकालामुळे. तिच्या बाबतीत हा निकाल आम्ही आधीच दुप्पट जड करून ठेवला होता. ती आता नुसती घरातली एक बाई राहिली नव्हती. ती आमची साक्ष होती. तिने कबूल केलं असतं तर तिच्या मते देव खोटा ठरला असता, मंडळी फसली असती आणि घराच्या देणग्या बुडाल्या असत्या. एवढं ओझं घेऊन कोण बोलेल? तिने पिशवी भरून पलंगाखाली सरकवून ठेवली होती. संधी साधून निघून जायचं ठरवलं होतं.

मग प्रभूभोजनाचा रविवार आला. आमच्याकडे प्याल्यात द्राक्षरस असतो, मद्य नाही. ही सोय नवी नाही. थॉमस वेल्च या मेथडिस्ट दंतवैद्याने 1869 मध्ये द्राक्षरस तापवून न आंबवता टिकवला तो प्रभूभोजनासाठीच. ज्या मंडळ्यांत मद्यच वापरतात तिथेही व्यसनातून उठलेल्या माणसासाठी वाट असते. कॅथलिक उपासनेत केवळ भाकरीच्या रूपातही संपूर्ण सहभाग मानला जातो. निवासी घर चालवणाऱ्यांनी स्थानिक मंडळीशी हे आधीच बोलून घ्यावं, बाईला वेदीसमोर अडचणीत टाकू नये. पण त्या दिवशी प्रश्न रसाचा नव्हताच. अयोग्य रीतीने खाऊ-पिऊ नये हे पौलाचं वचन तिला तोंडपाठ होतं. ती पोट बिघडल्याचं सांगून बसून राहिली.

मी ते पाहिलं आणि पोटाचं कारण खरं मानलं. तिच्या खोलीतल्या पंचावन्न वर्षांच्या बाईने मात्र मानलं नाही. सगळ्या तिला मावशी म्हणतात. तिचा स्वतःचा प्रवास चार वेळा घसरून पाचव्यांदा उभा राहिलेला. दुसऱ्या दिवशी दोघी कपडे पिळत होत्या. मावशीने तिच्याकडे न बघता चादरीचं दुसरं टोक धरलं आणि म्हणाली, “मी तिसऱ्यांदा घसरले तेव्हा बारा दिवस कोणाला सांगितलं नव्हतं. तुझे किती झाले?”

“नऊ.”

समुपदेशनाच्या खोलीत, ठरलेल्या वेळी, प्रशिक्षित माणसासमोर जे निघालं नाही ते ओल्या चादरीवर निघालं. याकोबाच्या पत्रात पापं कबूल करायला सांगितलं आहे ते ‘एकमेकांजवळ’. आम्ही त्याचा अर्थ नेहमी ‘ताईजवळ’ किंवा ‘पाळकांजवळ’ असा घेत आलो होतो. मद्यपींचा निनावी परिवार (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस) 1935 मध्ये सुरू झाला तो दोन पिणाऱ्या माणसांच्या बोलण्यातून, आणि त्याची मुळं ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीच्या परस्पर-कबुलीच्या पद्धतीत होती. ही पद्धत नुसती श्रद्धेवर चालते असंही नाही. 2020 मध्ये वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने 27 अभ्यास आणि 10,565 माणसांची माहिती एकत्र तपासली. सलग दारूपासून दूर राहण्याच्या बाबतीत या परिवाराच्या बारा पायऱ्यांकडे नेणारे सुसूत्र कार्यक्रम इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरले. हा निष्कर्ष त्या परिवाराबद्दलचा आहे, आमच्यासारख्या निवासी घरांबद्दलचा नाही. तो आपल्या पत्रकावर चिकटवण्याचा मोह आम्हालाही झाला होता, तो टाळावा.

आमच्या जुन्या नियमाप्रमाणे तिला त्याच दिवशी बाहेर काढायला हवं होतं. बैठक तीन तास चालली. काढावं म्हणणाऱ्यांची बाजू मी हलकी करणार नाही. घरात आणखी अकरा जणी होत्या, त्यातली एक आठवड्याभरापूर्वीच आलेली. त्यांना सुरक्षित जागा देणं हे आमचं पहिलं वचन. पण तिने घरात दारू आणली नव्हती, कोणाला दिली नव्हती, आणि बोलली होती. बोललेलीला काढलं असतं तर उरलेल्या अकरा जणी एकच धडा शिकल्या असत्या. ती राहिली. पुढच्या रजा थांबवल्या, पहिल्या टप्प्यापासून पुन्हा सुरुवात केली, डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मूत्रपिंड तपासून दारूची ओढ कमी करणारं अ‍ॅकॅम्प्रोसेट सुरू केलं. औषध न घेण्याचा नियम त्या आठवड्यात कागदावरूनही काढला.

क्षमेच्या बाबतीतही आम्हाला मागे यावं लागलं. बारा पायऱ्यांत ज्यांना दुखावलं त्यांची भरपाई करण्याची पायरी येते. एका स्वयंसेविकेने तिला नवऱ्याला पत्र लिहायला बसवलं होतं, क्षमा मागणारं आणि क्षमा करणारं. पत्रात ती स्वतःला मार का बसला याची कारणं देत होती. त्या पायरीतच स्पष्ट अपवाद आहे: भरपाईमुळे कोणाला इजा होणार असेल तिथे ती करू नये. त्या ‘कोणाला’मध्ये ती स्वतःही येते, हे आम्ही विसरलो होतो. जीन कर्कपॅट्रिक यांनी 1970च्या दशकात अमेरिकेत स्त्रियांसाठी वेगळी चळवळ उभी केली, तिचं कारण हेच होतं. अहंकार मोडण्याची भाषा आधीच मोडलेल्या बाईला आणखी खाली ढकलते. मी त्यांच्याशी सगळ्या बाबतीत सहमत नाही, माझ्यासाठी कृपेशिवाय या कामाला पाया नाही. पण ते पत्र वाचल्यावर त्यांचा मुद्दा मला नाकारता आला नाही. पत्र पाठवलं नाही. समुपदेशक सुरक्षिततेची योजना आणि कायदेशीर सल्ला यांपासून कामाला लागली. क्षमेचा विषय तिने स्वतः काढेपर्यंत कोणी काढायचा नाही असं ठरलं.

मार्काचा तो उतारा मी नंतर अनेकदा वाचला. आम्ही तिला तो दाखवला होता, पण नीट वाचला नव्हता. ती स्त्री भीत, कापत पुढे आली आणि तिने येशूला सगळं खरं सांगितलं, असं तिथे लिहिलं आहे. सगळं. आणि ते ऐकल्यावर येशूने तिला ‘मुली’ म्हणून हाक मारली. त्या कथेत गर्दीने तिच्याकडून काही मागितलं नव्हतं, आणि तिचं कोणतंही वाक्य कोणी गाळलं नव्हतं. आमच्या सभेत नेमकं उलट झालं होतं. गाळलेल्या वाक्यांवर आमची सही होती.

आता एक वर्ष होईपर्यंत घरातली कोणतीही बाई सभेत साक्ष देत नाही, आणि त्यानंतरही देणगीदारांसमोर नाही. जी बोलते तिचा कागद आम्ही तपासत नाही. फक्त मुलांची आणि इतरांची ओळख उघड होऊ नये यावर तिच्याशी बोलतो. यामुळे आमच्या पत्रकात सांगण्यासारखं कमी उरलं आहे. काही देणगीदार विचारतात, “यंदा साक्ष नाही?” पाळकांनी स्वतः उभं राहून त्यांना कारण सांगितलं, त्याबद्दल मला त्यांच्याविषयी फार आदर वाटतो.

सातव्या महिन्यात तिची झोपेची शेवटची पाव गोळी बंद झाली. तेराव्या महिन्यात ती बहिणीच्या जवळ भाड्याच्या खोलीत राहायला गेली. आठवड्यातून दोन रात्री ती आमच्याकडे येते, नव्याने आलेल्या बाईच्या उशाशी बसायला. साक्षीबद्दल तिला विचारलं होतं. “देईन कधीतरी, पण तो शनिवार धरून,” एवढंच म्हणाली.

मुलगा रविवारी तिच्याकडे असतो. तो अजून पेला हुंगतो. पूर्वी ती अशा वेळी रडायची किंवा रागवायची. आता पाणी ओतलं की आधी त्याच्यासमोर धरते, त्याने मान हलवली की मग पिते. गेल्या महिन्यात एकदा तो खेळात गुंतला होता, तिने धरलेला पेला त्याने न बघताच हाताने बाजूला सारला. त्याच्या पुढच्या रविवारी मात्र पुन्हा हुंगला. हे सांगताना ती हसत होती.